संस्थापकांची हिरवी दाढी

...आणि वर लोक मलाच विचारतात, "वाचनालयाच्या संस्थापकांची दाढी परत कधी करताय?" आता काय बोलायचं, तुम्हीच सांगा! अहो, मी दाढ्या करत नाही! मी लेझरवाला. जुन्या दगडी इमारतींवरचं शेवाळ, बुरशी नुसता प्रकाश मारून उडवतो. ना पाणी, ना ब्रश, दगडाला ओरखडा नाही. आता आमच्या बाबांचं सलून आहे, वाचनालयाच्या अगदी समोर, आणि त्यांचं एकच पालुपद, "खुर्ची तुझी वाट बघतेय." मी म्हटलं, बाबा, काही झालं तरी मी दाढ्या करणार नाही! झालं, तेव्हापासून बोलणं बंद... म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत.

आणि पहिलं मोठं काम मिळालं कुठं? वाचनालयाचंच! बाबांच्या नाकासमोर! दारावर संस्थापकांचा दगडी चेहरा, त्याला शेवाळाची हिरवीगार, भरघोस दाढी. मी शिडीवर जाऊन काळा चष्मा चढवला, मशीन लावलं, चर्र चर्र चर्र... आणि वास कसला, तर जळक्या केसांचा! एक गाल गुळगुळीत झाला न झाला तोच खालून ग्रंथपालबाई किंचाळल्या, "अहोऽऽ, दाढी कुठं गेली?" म्हटलं बाई, ते शेवाळ होतं. "शेवाळ काय म्हणता? लहानपणापासून बघतेय मी! असं ध्यान करून ठेवणार असाल तर काम बंद!" घ्या! लेझरपासून लोक लांब राहावेत म्हणून बांधलेल्या दोरीबाहेर ही गर्दी, जो तो दाढीतला तज्ज्ञ! पहिलंच काम, तेही बाबांच्या डोळ्यांदेखत जाणार...

तेवढ्यात बाबा आले. खांद्यावर टॉवेल, मागोमाग तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक! वर बघितलं, मान तिरकी केली आणि थेट माझ्याशी बोलले, आईबिई कोणी मध्ये नाही! "उतरू नकोस. अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक उठवायचं नसतं. दुसरा गाल साफ कर, हनुवटीवरची राहू दे. कोरून घे." मी कोरतोय, ते खालून, "डावीकडे थोडं... अजून... हां!" शेवटी बाई खुदकन हसल्या, "अगं बाई, किती तरुण दिसतात!" आणि बाबा काय म्हणाले? "हात बसलाय तुझा." बस्स, एवढंच! मला इतकं बरं वाटलं की चष्मा आतून धुरकटला.

पण शेवाळच ते, वाढणारच! आता दर वर्षी बाईंचा फोन येतो, बाबा टॉवेल झटकत दोरीपाशी उभे राहतात आणि मी शिडी चढतो. गिऱ्हाईक मात्र गुणी हो, मान हलवत नाही, राजकारण बोलत नाही. बाकी तुम्हाला सांगतो, मी दाढ्या करत नाही... वर्षातून एकच करतो.