अग्निसर्पाला एक तारा

कुंदन : राँग नंबर म्हण अन् ठेव तो फोन, दिपा. तुझी बस निघून जाईल.

दिपमाला : बसला वेळ आहे. आणि राँग नंबर कसा? गाव सावदा सांगितलं, नाव तुमचं सांगितलं. हं, बोला ताई. फोन मी स्पीकरवर ठेवलाय. माझे मिस्टर शेजारीच बसलेत, म्हणजे उभे आहेत, दाराकडे तोंड करून.

सारिका : धन्यवाद मॅडम. मी सारिका, पुण्याहून. कुंदनजींनी आमच्या मायालोक मालिकेतलं 'अग्निसर्प' मागवलं होतं. प्रौढांसाठीचं सिलिकॉनचं खाजगी साधन. त्याबद्दल आपला मोलाचा अभिप्राय हवा होता. गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होतोय.

कुंदन : रेकॉर्ड? अय बाई, बंद कर ते! दिपा, दे इकडे.

दिपमाला : हात लावू नका. होऊ दे रेकॉर्ड. घरात माझं बोलणं कोणी ऐकत नाही, पुण्यात तरी ऐकू दे. विचारा हो ताई.

सारिका : पहिला प्रश्न. पॅकेजिंगला पाचपैकी किती तारे द्याल?

दिपमाला : खोका बरा होता. साधा, खाकी. वरून बघून कोणाला वाटेल पंपाचा पार्ट आलाय. खोक्यात काय आहे हे खोक्यालाही माहीत नसावं, इतका गरीब. पुढे.

सारिका : दुसरा प्रश्न, रंगसंगती. 'ज्वालामुखीच्या गर्भातून उसळणारा जांभळा आणि पाचूचा हिरवा' असं आम्ही वर्णन केलंय. ते आपल्याला पटतं का?

दिपमाला : आमच्याकडे असा जांभळा-हिरवा रंग केळीच्या घडाला आला ना, तर औषध मारतात. तेवढ्यानं नाही भागलं तर झाड उपटून बांधावर टाकतात.

कुंदन : करपा म्हणतात त्याले.

दिपमाला : तुम्हाला विचारलं कोणी?

सारिका : आणि टेक्श्चर, मॅडम? खवले, कंगोरे, वळ्या... आमची खासियत आहे ती.

दिपमाला : ताई, तुम्ही स्वतः बघितलंय ते? हातात घेऊन?

सारिका : मी... फोटोत बघितलंय मॅडम.

दिपमाला : मग मी सांगते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला नक्षी असते ना, चिखलात घसरू नये म्हणून? तशी. त्यावर कारल्याचे फोड. आणि टोकाला काय, तर मुकुट! हे ज्यानं काढलं त्यानं आयुष्यात बाई बघितली नसावी. सरडे बघितले असतील भरपूर.

सारिका : काही ग्राहकांना ते आवडतं, मॅडम.

दिपमाला : आवडू दे. ज्याला आवडतं त्यानं घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण धुवायचं कसं, ते लिहिलंय कुठे? मी लॅब टेक्निशियन आहे. यावलच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासते. काचेची साधी नळी, आत एक खाचसुद्धा नाही, तरी ब्रश घालून घासावी लागते. तुमच्या या सापाला खाचाच खाचा. एकेका खवल्याच्या मागे घाण बसायला जागा. आणि पत्रकात काय छापलंय, तर 'चांदण्यात न्हाऊ घाला'. चांदण्यात! साबणाचं नाव नाही, गरम पाण्याचं नाव नाही.

सारिका : हे मी नोंदवते. स्वच्छतेच्या सूचना अपुऱ्या. आणि सोबतची कथा वाचलीत का? फँटसी अनुभवासाठी ती महत्त्वाची आहे.

दिपमाला : वाचली ना. रात्री... नाही, काल चहा पिताना वाचली. चहा गार झाला. अग्निसर्प म्हणे एक राजपुत्र आहे. शाप मिळाला, म्हणून हजार वर्षं गुहेत झोपलाय. राणीनं स्पर्श केला की जागा होणार. बरोबर?

सारिका : हो मॅडम.

दिपमाला : ताई, न बोलता गुहेत पडून राहणारा एक माझ्याकडे आधीचाच आहे. दुसरा कशाला मागवू?

कुंदन : दिपा, पुरे. ती पोरगी पगारासाठी फोन करून राहिली, तिले कशाला आपल्या घरातलं?

दिपमाला : आता घरातलं झालं! मागवताना नाही वाटलं?

सारिका : आपण पुढच्या प्रश्नाकडे जाऊया का? वस्तूला काही वास येतो का? आमचं सिलिकॉन पूर्णपणे गंधरहित असतं.

दिपमाला : येतो. भयंकर येतो. पिकल्या केळ्याचा, आणि त्यात माशांच्या खाण्याचा.

सारिका : माशांच्या...? मॅडम, हे शक्य नाही.

दिपमाला : मीही तेच म्हटलं. केळ्याचा समजू शकते. यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे, यांच्या बनियनलासुद्धा तोच वास. पण मासे? अहो, मासे कुठून आले?

कुंदन : काही नाही. असंच.

दिपमाला : असंच मासे येत नाहीत. आपण सावद्यात राहतो, समुद्रात नाही.

कुंदन : घरचा पत्ता देता येत नव्हता ना. शेजारचे लीलाधरकाका कोणाचंही पार्सल सही करून घेतात अन् वरून विचारतात, काय आहे. म्हणून चेंबरचा पत्ता दिला. मी तेव्हा रावेरले गेलो होतो, माल पाहाले. चेंबरवरच्या सुकाले वाटलं, चेंबरचा टेंपरेचर मीटर आला. त्यानं खोललं.

दिपमाला : सुकानं? मग?

कुंदन : मग ओरडत बाहेर पळाला. घोरपड घोरपड म्हणे. सगळे हमाल जमले. मी आलो तं चेंबरचे भागीदार भाईदासशेठ हातात घेऊन उभे. म्हणे, कुंदन, हे काय आहे रे?

दिपमाला : तुम्ही काय सांगितलं?

कुंदन : मले काय सुचणार? म्हटलं, शोपीस आहे शेठ. फिश टँकात ठेवायचं.

दिपमाला : अरे देवा.

कुंदन : तं शेठनं ठेवलं. ऑफिसच्या टँकात. दगड लावून उभं केलं, मागून निळा लाईट लावला.

दिपमाला : किती दिवस?

कुंदन : आठवडाभर असेल. काढू कसं? रोज कोणी ना कोणी यायचं. दिल्लीचे व्यापारी आले, त्यांनी फोटो काढले. एक म्हणे, बढिया चीज है, कहाँ मिलेगा?

सारिका : (हसू दाबत) माफ करा. माफ करा मॅडम. मला हसायची परवानगी नाहीये.

दिपमाला : हसा हो. मला आलं असतं तर मीही हसले असते. आणि मासे? माशांचं काय झालं?

कुंदन : मासे जवळ जात नव्हते. एका कोपऱ्यात गोळा होऊन बसायचे.

दिपमाला : बघा ताई, माशालाही कळलं! लिहून घ्या. आणि मग तेच टँकातून काढून, पुसून, परत खोक्यात घालून माझ्या बॅगेत साडीखाली ठेवलंत? काल मी बॅग आवरायला बसले तर हे निघालं. ना एक शब्द, ना काही. काय शे हाई, काय आहे हे, म्हटलं, तर चपला घालून चेंबरला निघून गेले.

सारिका : शेवटचे दोनच प्रश्न. खरेदीचा उद्देश काय होता? स्वतःसाठी, जोडीदारासाठी की इतर?

दिपमाला : हा प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर मलाही हवंय. बोला. तिकडे दाराला नका सांगू, इकडे फोनमध्ये सांगा.

कुंदन : जोडीदारासाठी.

दिपमाला : का?

कुंदन : ते नाही विचारलं तिनं.

दिपमाला : मी विचारतेय.

कुंदन : तुझी धुळ्याले बदली झाली. तिथं तू एकटी राहशील. मले वाटलं... म्हणजे तुले काही कमी पडू नये.

दिपमाला : कमी पडू नये. म्हणजे स्टोव्ह, बादली, पोळपाट, तसंच हे. आणि एकटी राहणार हे ठरवलं कोणी?

कुंदन : तूच ठरवलं. बदली तू मागून घेतली. मले काय माहीत नाही? तुझ्या ऑफिसातल्या रेशमाबाईनं सांगितलं.

दिपमाला : रेशमाबाईनं सांगितलं! माझ्याकडून ऐकायला काय झालं होतं? बदलीचा आदेश मी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही त्याच्यावर तांब्या ठेवलात. तांब्या उचलला, पाणी प्यायलात, परत तिथंच ठेवलात. का मागितली, एवढं तरी विचाराल म्हणून मागितली मी. धुळं काय सोन्याचं लागून गेलंय?

कुंदन : मले वाटलं तुले मी नको झालो.

दिपमाला : घर सोडून कोण गेलं होतं? माझं पिशवीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले दीड महिना सांभाळा. तुम्ही गादी उचलून चेंबरला गेलात. दीड महिना संपला, वर्ष संपलं, गादी काही परत आली नाही. म्हणे चेंबरचं टेंपरेचर बघावं लागतं. केळ्याला ताप आला का गार पडलं, हे रात्रभर उठून बघता. बायको इकडे घरात एकटी आहे, तिला काय होतंय, एकदा विचारलं?

कुंदन : टाके पाहिले होते मी तुझे.

दिपमाला : मग?

कुंदन : दवाखान्यात नर्सनं पट्टी बदलली तेव्हा मी तिथंच होतो. तेव्हापासून हात लावायची भीतीच बसली. काही दुखलं-खुपलं तं? अन् तूही काही म्हणाली नाही. मी समजलो, आता तुले ते नकोच. लोकही असंच म्हणतात, पिशवी काढली का संपलं.

दिपमाला : कोणते लोक? चेंबरवरचे हमाल? मी दवाखान्यात रोज बायकांना समजावून सांगते की काही संपत नाही. पिशवी म्हणजे पिशवी, बाई नाही. शंभर बायकांना सांगितलं असेल. माझ्याच घरात एक माणूस असा, आणि त्याला सांगायचं राहून गेलं. आणि या माणसानं उत्तर काय शोधलं? तर खवले आणि मुकुट.

कुंदन : त्याले सगळ्यात जास्त तारे होते. खूप लोकांनी चांगलं लिहिलं होतं.

दिपमाला : बठ्ठं गाव विहिरीत उडी मारंल तर तुम्हीबी मारशात का? त्या लोकांची बायको मी आहे?

सारिका : मॅडम... मी फोन ठेवू का?

दिपमाला : नको. एक प्रश्न राहिलाय तुमचा.

सारिका : राहू दे, मॅडम.

दिपमाला : अर्धवट काम मला आवडत नाही. विचारा.

सारिका : आपण हे उत्पादन दुसऱ्या कोणाला सुचवाल का? आणि एकूण किती तारे?

दिपमाला : लिहा. सुचवणार नाही. वस्तू घाणेरडी आहे म्हणून नाही. ज्या बाईला असं काही घ्यायचं असेल तिनं खुशाल घ्यावं, स्वतः बघून, स्वतः निवडून, साधं, धुता येईल असं. पण आपल्या जागी पाठवायचं म्हणून कोणी हे घेऊ नये. त्याला कथा जोडा, मुकुट चढवा, ज्वालामुखी लावा, ते रबर ते रबरच. ते विचारत नाही, दुखतंय का. ते घाबरतही नाही. हा माणूस निदान घाबरला तरी. एक तारा, तोही खोक्याला.

सारिका : परत पाठवायचं असेल तर न वापरलेलं असलं पाहिजे...

दिपमाला : मी नाही वापरलं. माशांचं तुम्ही ठरवा.

सारिका : मी 'सदोष' लिहिते. कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल. मॅडम, एक विचारू? स्क्रिप्टमध्ये नाहीये हे. ते ऑपरेशननंतरचं तुम्ही बोललात ते खरं आहे? माझ्या आईचं झालंय गेल्या वर्षी. ती कोणाशी बोलतच नाही.

दिपमाला : खरं आहे. आईला म्हणावं, दिपमालाताईशी बोल. माझा नंबर तुम्हाला मेसेज करते. सकाळी अकराच्या आत कर, मग लॅबमध्ये गर्दी होते.

सारिका : धन्यवाद ताई. ठेवते.

(फोन बंद होतो.)

कुंदन : तिले नंबर कायले दिला?

दिपमाला : तिनं विचारलं म्हणून. विचारणाऱ्याला देते मी.

कुंदन : ...बस केव्हा आहे?

दिपमाला : अर्ध्या तासानं.

कुंदन : खोली कशी आहे धुळ्याची?

दिपमाला : आहे बरी. देवपुरात. वरच्या मजल्यावर.

कुंदन : पाणी येतं?

दिपमाला : एक दिवसाआड.

कुंदन : एकटीनं कसं भरशील वरच्या मजल्यावर?

दिपमाला : भरीन. तुमचं चेंबर?

कुंदन : सुकाले समजते टेंपरेचर. माझ्याहून बरं समजते. मी त्याले फोन करून देतो.

दिपमाला : काय म्हणून?

कुंदन : का मी धुळ्याले चाललो. दिपा, मले आजही भीती वाटते, सांगून ठेवतो.

दिपमाला : वाटू दे. मला सांगत जा फक्त.

कुंदन : मंग शर्ट एक घेऊ का दोन?

दिपमाला : दोन घ्या.