जांभळी लोकर

—नको, नको, व्याही, इंजिन फिरवायच्या हँडलला हात लावू नका, जोर करून काही होत नाही, आतलंच मोडतं. त्या स्टुलावर बसा. वास येतोय ना? येणारच. टाकीतलं पेट्रोल कुजलंय — पेट्रोलही कुजतं हो, डिंकासारखं चिकट होतं — आणि त्यात उंदरांचं मूत. शी! जन्मभर ग्रीसात हात घातलेला माणूस मी, पण बॉनेट उघडलं आणि बाहेर जाऊन ओकलो. जावईबापूंची गाडी ही. आरशासारखी ठेवायचे. ते गेले आणि तुम्ही गॅरेजात ढकललीत, पाणी काढलं नाही, तेल बदललं नाही, शटर ओढलं की झालं! पिस्टन बसले सिलिंडरला धरून, इंजिन जाम.

काही नाही केलं विशेष. प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि गप्प बसलो. मुरलं की पुन्हा थोडं. आता मागचं चाक जॅकवर उचललंय, गाडी वरच्या गिअरात आहे, आणि चाक धरून असं — जरा पुढं, जरा मागं. चाक फिरलं की इंजिन फिरलं. हलत नाही? नसू दे. त्याला सवय राहिली नाही हलायची.

तुम्हाला घाई आहे, ठाऊक आहे मला. गाडीला गिऱ्हाईक ठरलंय, आणि विहीणबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं करायला कुणी नाही, म्हणून गाडीबरोबर सुनेलाही परत न्यायचं. काल फोनवर म्हणालात ना, लेकीसारखी ठेवली होती? मी हो म्हणालो. मी हो म्हणणाराच माणूस. तिला म्हटलं, बाई, पिशवी भरून ठेव. भरली.

मग आज सकाळी गाडीची मागची सीट काढली. ती बघा, भिंतीला टेकवलीय. खाली उंदरांचं घरटं, आणि घरट्यात काय, तर ही जांभळी लोकर. तिच्या आईनं विणलेली शाल ही, आमची ही गेली त्याच्या आदल्या थंडीत. म्हटलं, टाकली असेल कुणी गॅरेजात. मग उशीचा कापूस निघाला. मग फटीतून केसांच्या पिना — एखादी नाही हो, मूठभर. आणि सीटला हा खड्डा, हात लावून बघा, हा बसून पडत नाही. पाय पोटाशी घेऊन निजल्यावर पडतो. एका रात्रीत नाही पडत. खाली उंदीर, वर माझी पोर.

काय? घर लहान? पाहुणे असायचे? असू दे, असू दे. मी ओरडत नाहीये, मला ओरडता येत नाही. एवढंच विचारतो — शटर ओढल्यावर कुलूप कुठल्या बाजूनं लावायचात?

पोर इथं माहेरी आल्यापासून खोलीचं दार लावू देत नाही मला. म्हणायचो, अगं, गारठा आत येतोय. मी लावायचो, ती उठून उघडायची. मला वाटलं, उकडत असेल. भर थंडीत उकडतं का कुणाला? पण मी आपली समजूत करून घेतली. सरका जरा, चाक धरतो पुन्हा — जरा पुढं, जरा मागं.

थांबा. ऐकलंत? कट् करून वाजलं. फिरतंय. सुटलं इंजिन! बघा, एका बोटानं फिरतंय. एरवी आधी तिला हाक मारली असती, ये गं बघायला; तुम्ही इथं असताना नको.

नाही, चालू करून देणार नाही. सुटायचं होतं, सुटलं. चार माणसं आणा आणि ढकलत न्या.

तिची पिशवी? ती मघाशीच रिकामी केली मी. कपडे कपाटात परत लावले, घड्या काही नीट जमल्या नाहीत. आत जाऊ नका. उठा आता. आणि जाताना दार ओढू नका मागं, सवय असेल तुम्हाला.

उघडंच राहू द्या.