पाटलांची तार

त्या दिवशी मी तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेत होतो, एवढ्यात पाटलांचा गडी धापा टाकत आला. "मास्तर, चला बिगीबिगी, तार आलीया!"

तुम्हाला ठाऊक आहे, लढाईच्या त्या दिवसांत तार म्हणजे मरणाचीच. पाटलांचा बाळू पलटणीत. मी पोचलो तेव्हा त्याची आई ऊर बडवून रडत होती, आणि तार अजून फोडलेलीही नव्हती.

मी ती फोडून वाचली. तालुक्याच्या कचेरीतून आली होती. "हेवी रेन वॉर्निंग."

"बाळूचं काय न्हाई?" पाटलांनी विचारलं.

"नाही. जोराच्या पावसाची वॉर्निंग आहे."

"वार्निंग मंजे वो काय?"

"अजून काही झालेलं नाही. होईल, म्हणून लोकांना आधीच सावध करायचं."

"झालं न्हाई न्हवं? आगं, रडतीस काय, गूळ वाट!"

मीही गूळ खाल्ला, हसलो, शाळेत परतलो. दुपारी नदी एकदम चढली. माझा धाकटा भाऊ काठच्या मळीत वैरण कापत होता. त्याचा देह तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडला.

वॉर्निंगचा अर्थ मी अगदी बरोबर सांगितला होता. गावात दवंडी द्यायची मात्र राहून गेली.