काकाचं निरीक्षण

पुतणीच्या विज्ञानाच्या बाईंनी माझं लग्न जवळजवळ मोडलंच होतं. पाठांतर नको, नीट बघा आणि निष्कर्ष काढा, असं त्या शिकवतात.

मोरव्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा सहावीतली पुतणी सोबत होती. मुलीच्या वडिलांनी शिक्षण विचारलं. मी आठवीत शाळा सोडलेली. मी परत पाण्याचा पेला तोंडाला लावला.

पुतणी म्हणाली, "काका सारखा पाणी पितोय, ताईकडे बघतच नाहीये. निष्कर्ष, त्याला ताई आवडली नाही."

वडिलांनी कप खाली ठेवला. माझी आई पुटपुटली, "गप गं, कार्टे!"

मुलगी मात्र हसली. "एकदाच बघून निष्कर्ष काढतात का गं?"

"नाही. बाई म्हणतात, प्रयोग परत करायचा."

"मग रविवारी काकाला परत घेऊन ये."