पाहुणीचं ताट

सन्माननीय अध्यक्ष महारुद्रअप्पा वकीलसाहेब, व्यासपीठावरचे तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टरसाहेब, आमच्या शाळेच्या हेडमास्तरीणबाई, नळदुर्गातली वडीलधारी मंडळी, पडद्यामागं बसलेल्या मायबहिणी आणि पुढच्या सतरंजीवर बसून आत्तापासूनच चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलींनो,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत आणि माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात की, ही चंद्रप्रभाबाई कोण, हे मलाच कुणाला तरी विचारावंसं वाटलं. अठरा वर्षं मी या गावात मुलींना मराठी शिकवलं. आता सरकारनं मला वजीफ्यावर काढलं आहे, म्हणजे पेन्शनीत. सरकारच्या हुकमापुढं कुणाचं काय चालतं? इन्स्पेक्टरसाहेब, हसू नका, तक्रार नाही ही.

अध्यक्ष म्हणाले, बाई आता सोलापूरला भावाकडं सुखानं राहणार, भावानं हट्टानं बोलावलं आहे. त्याबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. पण आधी गेल्या वर्षाचा वृत्तान्त सांगते. शाळेचा वृत्तान्त मी दर वर्षी लिहीत आले. स्वतःचा कधी लिहिला नाही.

गेल्या वर्षी प्रत्येक सुट्टीत मी प्रवासाला निघाले. ट्रंकेत दोन लुगडी आणि वाचनालयातली पुस्तकं. सरहद्दीवर करोडगिरी नाक्यावरच्या जकातीच्या शिपायानं ट्रंक उघडून विचारलं, "बाई, इतकी किताबं? विकायला चालल्या का?" त्याला काय सांगणार? खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वजीफ्यानंतर कुठं राहायचं, ते घर मी शोधत होते. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी कुंकू गेलं. त्यानंतर आपलं घर म्हणजे जिथं नोकरी तिथली खोली. आता तीही खोली नव्या बाईंना द्यायची आहे.

पहिल्यांदा सोलापूरला गेले, अंबादासकडं. माझा धाकटा भाऊ. वहिनी फार चांगली. मी गेले की पाट मांडते, ताटाभोवती रांगोळी काढते. लढाई संपली तरी साखर मिळत नाही, तर गुळाचं पुरण घातलं तिनं. कामाला हात लावू देत नाही. "वन्सं, तुम्ही बसा, वाचा." मग मी वाचत बसायची. गेल्या वर्षी माझं वाचन फार झालं, त्याचं कारण एवढंच, की मला कुणी काम सांगत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात डोकावले. वहिनी आणि पोरं चुलीपुढं बसून कालची भाकरी ताकात कुस्करून खात होती. एकाच पातेल्यात सगळ्यांचे हात. हसणं, ढकलाढकली चाललेली. मी म्हटलं, "वहिनी, मलाही दे गं थोडं."

ती दचकून उठलीच. "अगंबाई, वन्सं! तुम्हाला शिळं वाढू? लोक काय म्हणतील मला?" आणि लगेच माझ्यासाठी तूप-गूळ घालून शिरा केला. मी पाटावर एकटी बसून तो खाल्ला. शिरा उत्तम होता हो. संध्याकाळी अंबादासनं विचारलं, "ताई, परतीची मोटार कधीची? जागा धरून ठेवतो." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

मग लातूरला विमलकडं, माझ्या भाचीकडं गेले. तिथंही गुळाची खीर, तिथंही पाट. "मावशी, राहा की अजून दोन दिवस," म्हणाली. मी दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही. मग मी पुस्तकं भरली.

दिवाळीनंतर मी अंबादासला पत्र टाकलं, कायमची येऊन राहू का म्हणून. त्याचं उत्तर आलं, "चार दिवस अवश्य ये." अध्यक्षमहाराज, हट्टानं बोलावल्याची बातमी गावात मीच पसरवली. आपल्याला कुणी बोलावलं नाही, हे तोंडानं सांगायची लाज वाटली. मुलींना खोटं बोलू नका म्हणून हातावर छड्या मारल्या मी. आज त्यांनी मला मारायला हव्यात.

मुलींनो, कुजबुज नको. रडायचंही काही कारण नाही.

वर्षभर मी भावावर, भाचीवर मनातून रुसून होते. मला पाहुणी का करता म्हणून. आणि काल संध्याकाळी निरोप घ्यायला म्हणून शेजारच्या पार्वतम्मांकडं गेले. त्या पडद्यामागं बसल्या आहेत, बहुतेकांना ठाऊक आहेत. मुलगा हैदराबादला, घरात एकट्याच असतात. अठरा वर्षं आमची भिंत एक. अठरा वर्षं रोज भिंतीपलीकडून विचारायच्या, "ऊट आयत्री?" जेवलात का म्हणून. पुढं म्हणायच्या, "भाकर गरम हाय, बाई. खाता का चतकोर?"

आणि मी काय सांगायची? "आज उपास आहे हो."

आमच्या घरची रीत, दुसऱ्या जातीच्या हातचं शिजलेलं खायचं नाही. वर्गात मी माणुसकीचे धडे दिले आणि घरी येऊन सोमवारचा उपास बुधवारी केला. त्या कधी रागावल्या नाहीत. बायकांत सांगायच्या, "आमच्या बाईस्नी उपास लई. देवमाणूस हाय."

काल मी गेले तेव्हा त्या भाकरी-ठेचा खात बसल्या होत्या. मला पाहून घोंगडी अंथरली. म्हणाल्या, "बसा बाई. तुमास्नी काय द्यावं? उपास असंल."

मला भूक होती. फार होती. पण "आज उपास नाही" म्हणायला जीभ उचलली नाही. उठले आणि घरी येऊन तशीच निजले. जे परकेपण माझ्या वहिनीनं मला एक आठवडा दिलं, ते मी या बाईला अठरा वर्षं दिलं होतं.

असो. फार बोलले. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, ही सतरंजी घालणाऱ्यांचे आणि मला अठरा वर्षं सोसणाऱ्या या गावाचे आभार मानते. बोलण्यात काही अधिकउणं गेलं असेल तर आपण पोटात घालाल. पण एका माणसाची माफी अशी घाऊक मागून भागणार नाही, आणि घरात दोघीच असताना मागायचा धीर मला होत नाही, म्हणून सगळ्यांदेखत विचारते.

पार्वतम्मा, सोलापूरला मी जात नाही. तुमच्या घरात मला एका बाजूला जागा होईल का? आणि सकाळची भाकरी उरली असेल, तर मला वाढाल का? पाट नको. ताटही नको. हातावर द्या.