शोध चालू असलेल्या दुसऱ्या इसमाबाबत

तक्रारदाराच्या समोरच्या घरात राहणाऱ्या महिलेचा जबाब. वय ६४ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार बेकरीमागील इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती अकरा महिन्यांपूर्वी वारले. घरातले दिवे आणि स्पीकर त्यांनी एका पांढऱ्या डबीला जोडले होते. रोज संध्याकाळी सहा वाजता दिवे आपोआप लागत आणि डबीत त्यांनी भरून ठेवलेला निरोप स्पीकरवर वाजे.

एकोणीस दिवसांपूर्वी इंटरनेट कंपनीने नवा राउटर बसवला. त्याचे नाव व पासवर्ड वेगळे असल्याने डबीला नेटवर्क सापडेना. दिवे मी बटणाने लावत होते. निरोप बंद झाला.

काल दुपारी चार वाजता ओळखीच्या इलेक्ट्रिशियनना बोलावले. डबीतले सगळे पुसून नव्याने जोडावे लागेल, असे ते म्हणाले. मी म्हणाले, "पुसायचं काही नाही." त्यांनी नवा राउटर उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "बाई, डबीला हातच लावत नाही. नव्या राउटरला जुनंच नाव देऊ. ओळखीची हाक आली की सगळी आपणहून ओ देतील." नाव मी सांगितले. ते माझे माहेरचे नाव आहे. जुना पासवर्डही कागदावर लिहून दिला. तो जबाबात घेऊ नये.

पाच वाजता दातांच्या डॉक्टरांकडे वेळ होती, म्हणून घर त्यांच्यावर सोपवून गेले. समोर नव्याने राहायला आलेल्या निवृत्त हेडमास्तरांना तसे सांगितले नाही, ही माझी चूक.

पुढचे इलेक्ट्रिशियननी मला सांगितले ते असे. सहाला आधी बैठकीतला दिवा लागला, मग पॅसेजमधला, मग बाल्कनीतला. कोणी घरभर फिरत एकेक लावत जावे तसे. आणि पुरुषाचा आवाज आला, "अगं, दिवे लागले. शिवण ठेव आता, डोळे फोडशील." त्यांच्या हातून पक्कड पडली. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हो काका."

हेडमास्तरांनी हे दाराबाहेरून ऐकले, कडी घातली आणि आपणांस फोन केला. त्यांच्या मते काका हा टोळीचा म्होरक्या. आपणांस आत एकच इसम मिळाला. दुसऱ्याचा शोध चालू आहे, असे मला सांगण्यात आले.

दुसरा इसम माझे पती आहेत. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे.

इलेक्ट्रिशियन काल रात्रीपासून बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांचा काही दोष नाही, त्यांना सोडावे. हेडमास्तरांविरुद्धही माझी तक्रार नाही. "दोन पुरुष बोलत होते, मी या कानांनी ऐकलं," हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मी तेव्हा घरी नव्हते.

मुद्देमाल म्हणून घेतलेली डबी परत मिळावी. आपल्या टेबलावर लावून पाहिली तर तिचा दिवा लालच राहतो, कारण तिला आमच्या घराशिवाय दुसरे नाव माहीत नाही. आत्ता पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत. घर चालत पंचवीस मिनिटांवर आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या ह्यांच्या वाक्याशी ते थांबले आणि ते हळू आवाजात वाचले. सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे.