सोमवारी भाडं वाढवायला गेलो

तुम्ही म्हणायलाव, खोल्या भाड्यानं दिल्या की बसून खायचं. मी बसून खायलोय हे खरंय, पण कसं ते ऐका.

कोळारला कारखान्यांच्या मागं मी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. एकीत निंबर्ग्याकडचं जोडपं राहतंय. दर अकरा महिन्याला करार नवा करायचा अन् भाडं थोडं वाढवायचं, असं पहिल्या दिवशीच ठरलेलं. पण मी गेलो की त्या घरातली बाई, तिला मी अक्का म्हणतोय, आधी जेवायचं ताट पुढं ठेवती. त्यांची भाकरी खाऊन वर भाडं वाढवा म्हणायला जीभ रेटत न्हाई. दोन करार तसेच गेले.

यंदा बँकेनं हप्ता वाढवला. बायको म्हणाली, "सोमवारी जावा. तुमचा उपास असतोय, जेवायचा प्रश्नच न्हाई."

गेलो. अक्का म्हणाली, "अण्णा, बसा, ताट करते."

"न्हाई अक्का, माझा सोमवार हाय."

"व्हय की, आमचाबी हाय," म्हणत तिनं भगर, शेंगदाण्याची आमटी अन् दही पुढ्यात ठेवलं.

मुकाट्यानं खाल्लं, जुन्याच भाड्यावर सही केली अन् घरी आलो. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

"मग बँकेचा हप्ता कसा भरायचा?"

म्हणलं, "त्या मॅनेजरनं आपल्या घरी कधी घासभर खाल्लंय का? म्हणून त्याला वाढवाय जमलं. येत्या सोमवारी बोलवायलोय त्याला फराळाला."